पोच

मार्च सरता सरता आम्ही तिघे सड्यावर जातो.
लोलयेच्या वर, जिथे जांभा दगड रात्री अकरापर्यंत
दिवसाचं ऊन परत करत बसतो.
एक तंबू, एक दुर्बीण, उर्राकची बाटली,
कुष्टा वेळीपाच्या बायकोनं बांधून दिलेली सुकी सुंगटं,
आणि माझी वही : पोस्टातली, जुनी, रकाने आखलेली.
शेवटच्या रकान्यावर छापलंय ‘पोच’.
तो कोराच राहतो.

खाली दक्षिणेला ते आहे.
नाव घ्यायचं नाही असं काही ठरलेलं नाही,
पण कुणी घेत नाही.
नकाशात तिथे नुसताच निळा समुद्र.
डोळ्यांना मात्र एक धक्का, तीन लाल दिवे,
एक लांबोडकं छप्पर, ज्याचं दार
सहा वर्षांत एकदाही उघडं दिसलं नाही,
आणि मध्ये बेट.

नऊ चाळीस : राखी जहाज. नंबर नाही.
अकरा पाच : सगळे दिवे गेले.
अकरा सतरा : आले. एक कमी.

या नोंदींचं करतोस काय, बायको विचारते.
बत्तीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळली,
एकही उघडलं नाही.
त्या सवयीचं आता काय करू ते तू सांग, म्हणतो.

कुष्टा दुर्बिणीला हात लावत नाही.
त्याला वास पुरतो.
‘डिझेल. आज जास्त आहे.’
किंवा, ‘बांगडे तळतायत तिकडे. पोरंच ती, भूक लागणार.’
मग तापल्या दगडावर पाठ टेकून घोरायला लागतो.
देशाला त्याच्यापासून कसलाच धोका नाही.

बोस्त्यांव रात्रभर बघतो.
मला वाटायचं जहाजांचं वेड; आयुष्य बोटीवर गेलेलं.
त्याची दुर्बीण धक्क्याकडे वळतच नाही
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
बेटाच्या टोकाला एक पांढरा ठिपका आहे.
कपेल.
‘आईचं लग्न तिथे झालं,’ म्हणाला.
ओहोटी चुकली, नवरी कमरेपर्यंत भिजली,
व्हायोलिनवाला होडीभर ओकत होता.
एवढं सांगून तो हसला, आणि पुन्हा डोळा लावला.

फेस्ताला एक दिवस जाऊ द्या, असे त्याचे अर्ज
माझ्याच खिडकीतून गेले होते.
रजिस्टर्ड. दर वर्षी एक.
उत्तर आलं नाही. आलं असतं तर मला कळलं असतं,
मीच तर शिक्के मारत होतो.

गेल्या साली शोधदिवा सड्यावर चढला.
कुष्टाच्या पोटावरून गेला, तंबूवरून गेला.
मी पालथा पडलो, नाक गवतात.
बोस्त्यांव उभा राहिला आणि त्यानं टोपी काढली.
उजेड त्याच्यावर जरा थांबला.
सकाळी हवालदार आला. ‘काय चाललंय?’
‘गवताची राखण,’ कुष्टा म्हणाला.
सड्यावर तेव्हा बकरीपुरतंही गवत नव्हतं.
हवालदारानं चहा घेतला, दुर्बीण मागून घेतली,
खूप वेळ बघितलं,
‘काहीच दिसत नाही’ म्हणाला
आणि तसंच लिहून घेऊन गेला.

यंदा बोस्त्यांवच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
तरी आला. काठी टेकत, शिव्या घालत.
पहाटे दुर्बीण माझ्या हातात दिली.
‘आहे?’
आहे, म्हटलं. मग पुन्हा बघितलं.
मागच्यापेक्षा पांढरी आहे रे.
कुणीतरी चुना लावलाय.
‘तिकडे कोण लावणार? खोटं बोलतोस.’
मी काचा पुसल्या. खरंच मला काय दिसलं होतं,
आता शपथेवर सांगता येणार नाही.

कुष्टा डोळे मिटूनच बोलला,
‘चुनाच तो. मघापासून वास येतोय.’

बोस्त्यांव काही बोलला नाही. नाक वर करून बसला.

पाच दहा : चुना.
लिहिलं, शेवटच्या रकान्यात.
वारा जमिनीकडून होता,
ते लिहिलं नाही.